झटका, ठोका आणि उद्दीपन

मराठीतला 'झटका' हा शब्द मोठा कामसू आहे. उघड्या तारेला हात लागला की झटका बसतो, हृदयविकाराचा झटका येतो, अपस्माराचे झटके येतात आणि एखाद्या सुखवस्तू गृहस्थाला पन्नाशीत कविता करण्याचाही झटका येतो. एका शब्दाने इतकी कामे करावीत ही भाषेची काटकसर आहे. एरवी तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही, कारण संदर्भ अर्थाचे नियमन करतो हे आपण प्रथम वर्षाच्या वर्गातच शिकवतो. परंतु कागदाच्या तळाशी सही करावयाची असते तेव्हा ही काटकसर महाग पडते. मेंदूवर चुंबकाने उपचार करणाऱ्या एका केंद्राच्या मराठी संमतिपत्रात हा शब्द पाच-सहा ओळींच्या अंतराने दोनदा आमच्या वाचनात आला. रुग्णाच्या डोक्याला चुंबकीय झटके दिले जातील, असे वर लिहिले होते. क्वचित प्रसंगी रुग्णाला झटके येऊ शकतात, असे खाली. वरचे झटके म्हणजे उपचार आणि खालचे म्हणजे धोका. मूळ इंग्रजी मसुद्यात अर्थातच दोन निराळे शब्द होते, 'पल्स' आणि 'सीझर'. मराठीत येताना दोहोंची गाठ पडली आणि वाचणाऱ्याचा असा समज झाला की जे देणार आहेत तेच पुढे आपोआप येऊ लागेल.

हे संमतिपत्र आमच्या बाईंच्या हातात होते. आम्ही दोघे पुण्यातील एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि दोघेही एम.ए.ला बाईंकडे महानुभाव गद्य व भाषेचा इतिहास शिकलो. बाई निवृत्त होऊन दहा-बारा वर्षे झाली. (हा मजकूर त्यांनी वाचला आहे, छापण्यास अनुमती दिली आहे आणि तीन ठिकाणी आमचे अनुस्वारही दुरुस्त केले आहेत.) गेली तीनेक वर्षे त्यांची प्रकृती चांगली नव्हती. पहाटे तीनला जाग येई आणि मग डोळ्याला डोळा लागत नसे. जेवणाची वासना गेली. पुढे वाचन सुटले आणि आम्हांला खरी काळजी वाटू लागली ती तेव्हा. 'लीळाचरित्र' उघडून त्या तासभर बसत आणि पान उलटलेले नसे.

डॉक्टरांनी निदान केले ते नैराश्याचे. बाईंना हा शब्दच मान्य नव्हता. "निराश व्हायला आधी कसली तरी आशा करावी लागते. मला कशाचेच काही वाटत नाही," असे त्या म्हणत. मराठीत या अवस्थेसाठी शब्दांची वाण नाही: विषाद, खिन्नता, उदासी, औदासीन्य. पण प्रत्येकाच्या मागे एक वाङ्मयीन वंशावळ आहे. विषाद म्हटला की रथात बसलेला अर्जुन समोर येतो आणि विषादाचाही 'योग' होऊ शकतो असे आपल्याला वाटू लागते. 'उदासीन' तर मुळात वर बसलेला, तटस्थ, आणि गीतेत तो गुण आहे. या शब्दांनी दुःखाला प्रतिष्ठा दिली हे मराठी कवितेचे भाग्यच. परंतु त्याच प्रतिष्ठेमुळे साहित्याच्या वर्तुळात आजारी माणसाला औषध घेऊ न देण्याची एक सभ्य रीत पडली आहे. एका परिचित समीक्षकांनी बाईंना भेटून सांगितले की वेदना गेली तर लेखणी जाईल. ज्या बाईला तासाभरात एक पान उलटता येत नाही तिची लेखणी वेदनेने कशी राखली होती, हे त्यांना विचारावयाचे राहिले नाही. ते आम्ही तेथेच विचारले. उत्तर आले नाही.

दोन औषधे क्रमाने देऊन झाली. एकाने तोंडाला कोरड पडे, दुसऱ्याने दिवसभर गुंगी राही, आणि गुण म्हणावा तसा आला नाही. तेव्हा डॉक्टरांनी चुंबकीय उपचाराचे सुचवले. त्याचे पूर्ण नाव 'ट्रान्सक्रेनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन', व्यवहारात टीएमएस. बाईंनी संमतिपत्र वाचले, चष्मा काढून ठेवला आणि नको म्हणाल्या. कारण विचारले तर त्यांनी त्यांच्या थोरल्या भावाविषयी सांगितले. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांना एका मनोरुग्णालयात शॉक देत. भूल नव्हती, चार माणसे धरून ठेवत. बाई तेव्हा शाळेत होत्या, डबा घेऊन गेल्या होत्या आणि दार लोटलेले नव्हते. 'झटके' हा शब्द त्यांनी ज्या अर्थाने वाचला तो कोशातून आलेला नव्हता.

आता वस्तुस्थिती अशी की या दोन उपचारांत साम्य फार थोडे आहे. विद्युत-उपचारात आकडी आणणे हाच हेतू असतो. आज तो भूल व स्नायू सैल करणारे औषध देऊन करतात आणि तसे न करता तो करण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भारतात बंदी आहे. त्या उपचाराची उपयुक्तताही नाकारण्याजोगी नाही. टीएमएसमध्ये आकडी हा टाळावयाचा अपघात आहे, तो फार विरळ घडतो आणि त्यासाठीच प्रत्येकाची मात्रा आधी मोजून घेतात. रुग्ण जागा असतो. भूल नसते. तासाभराने तो रिक्षाने घरी जाऊ शकतो. हे सारे डॉक्टर तोंडी सांगू शकत होते व त्यांनी सांगितलेही, पण सही कागदावर होणार होती आणि कागद भावाच्या दारातून आला होता.

तेव्हा आम्ही कागद दुरुस्त करावयास घेतला. हा उद्योग सुरू झाला तो बाईंचे मन वळवावे म्हणून नव्हे; त्यांनी काय ठरवावयाचे ते त्यांनी नेमके वाचून ठरवावे, एवढाच हेतू होता. वर उल्लेखिलेल्या कायद्यातही माहितीपूर्ण संमतीची व्याख्या आहे आणि त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत व रीतीने धोके, लाभ व पर्याय सांगितले पाहिजेत असे तीत म्हटले आहे. समजेल अशा भाषेत! या तीन शब्दांचा कायदेशीर अर्थ काय होतो ते वकील जाणोत. आमच्या दृष्टीने ते भाषांतराचे काम आहे, आणि ते कोणी केलेले नव्हते.

पारिभाषिक मराठीत 'पल्स'ला 'स्पंद' म्हणतात. शब्द देखणा आहे, पण काश्मीरी शैवदर्शनाने तो इतका वर नेऊन ठेवला आहे की डोक्यावर टकटक करणाऱ्या यंत्राला तो सोसत नाही. बाईंनीच 'ठोका' सुचवला. हृदयाचा ठोका, घड्याळाचा ठोका. त्याला आवाज आहे, नियमितपणा आहे आणि तो मोजता येतो. 'सीझर'साठी 'आकडी'; घराघरात हा शब्द आहे आणि त्याचा दुसरा अर्थ कोणी लावणार नाही. राहिला 'स्टिम्युलेशन'. संमतिपत्रात 'उत्तेजन' होते. मराठी माणसाने उत्तेजन पाहिलेले असते ते वक्तृत्वस्पर्धेत, पहिल्या तिघांत न आलेल्याला देतात ते, किंवा मग बातमीतल्या 'उत्तेजित जमावा'त. "मला उत्तेजनार्थ बक्षीस नको, आणि या वयात उत्तेजितही व्हायचे नाही," बाई म्हणाल्या. पुष्कळ दिवसांत त्यांनी केलेली ती पहिली थट्टा. त्यांनी समासात लाल शाईने 'उद्दीपन' असे लिहिले आणि आम्ही तिघेही त्या शब्दापाशी थांबलो. त्याविषयी पुढे लिहितो. आधी हे यंत्र करते काय ते सांगितले पाहिजे.

तत्त्व जुनेच आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकात विद्युत्प्रवाह निर्माण होतो हे फॅरडेने 1831 मध्ये दाखवले. मेंदू हाही वाहकच. 1896 मध्ये पॅरिसला दार्सोंवाल याने माणसाचे डोके मोठ्या वेटोळ्यात ठेवून प्रवाह सोडला आणि त्या माणसाला डोळ्यांपुढे प्रकाशाचे तिरमिरे दिसले. 'डोक्यात प्रकाश पडणे' हा वाक्प्रचार शब्दशः घडवून आणण्याचा हा पहिला प्रयत्न म्हणावयास हरकत नाही. मात्र तो प्रकाश मेंदूतला नसून बहुधा डोळ्याच्या पडद्यातला होता, असे आज मानतात. पुढे नव्वद वर्षे गेली. मधल्या काळात, 1980 मध्ये, मर्टन आणि मॉर्टन या ब्रिटिश संशोधकांनी कवटीवरून थेट वीज देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले होते, पण कवटी विजेला अडवते आणि वरची कातडी कळवळते. चुंबकीय क्षेत्राला कवटीचा अडथळा नाही. 1985 मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर वेटोळे धरले, एक ठोका दिला आणि विरुद्ध बाजूचा हात हलला. वेदना जवळजवळ नाही. क्षेत्र एमआरआय यंत्राच्या तोडीचे, दीड-दोन टेस्लाचे, परंतु टिकते ते सेकंदाच्या एक हजाराव्या भागाहूनही कमी काळ आणि पोहोचते ते कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटर. मेंदूच्या सालीपर्यंत, एवढेच म्हणा ना.

मात्रा ठरवण्याची रीत आम्हांला फार आवडली. डॉक्टर वेटोळे डोक्याच्या डाव्या बाजूला सरकवत राहतात आणि उजव्या हाताचा अंगठा उडतो ती जागा शोधतात. अंगठा जेमतेम उडेल इतकी शक्ती म्हणजे त्या माणसाचा उंबरठा. उपचाराची मात्रा त्यावरून ठरते. पूर्वी त्या जागेपासून पाच सेंटिमीटर पुढे सरकले की मनःस्थितीशी संबंध असलेला कपाळामागचा भाग आला असे धरत. आता कवटीची मापे घेऊन किंवा एमआरआयच्या नकाशावरून जागा अधिक नेमकी काढतात. पण अंगठा अजूनही लागतो. मराठीत मन लागते, उडते, भरते, खाते, विटते, आणि तरीही त्याला शरीरात ठावठिकाणा नाही. इथे मात्र त्याचा पत्ता अंगठ्यापासून पुढे इतकी बोटे असा निघतो. आमच्यातल्या एकाला हे पाहून अस्वस्थ वाटले. दुसरीला नाही, तिचे म्हणणे असे की नाडी पाहणाऱ्या वैद्याबद्दल कोणाला असे वाटत नाही.

बाई मात्र जागेपेक्षा भाषेकडे वळल्या. या यंत्राने स्मरण जाते का, असे त्यांनी डॉक्टरांना विचारले. विद्युत-उपचाराने काही काळ स्मृतीवर परिणाम होऊ शकतो, तसा प्रकार याने होत नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण मग हे यंत्र वाणीला काय करू शकते, हा प्रश्न बाईंच्या मनात राहिला व आम्ही तो वाचनात शोधत गेलो.

संशोधक हे यंत्र उपचाराखेरीज प्रश्न विचारण्यासाठीही वापरतात. मेंदूचा एखादा भाग एखादे काम करताना उजळलेला दिसला म्हणून त्या कामाला तो आवश्यकच असतो असे नाही. तो क्षणभर बिघडवून पाहिला आणि काम अडले, तर मात्र विधान करता येते. ब्रोकाला 1861 मध्ये 'तां' या एका उच्चारापलीकडे काही न बोलू शकणाऱ्या रुग्णाच्या मृत्यूची वाट पाहावी लागली आणि मगच मेंदू पाहता आला. टीएमएसने ती दुखापत क्षणभराची, परत घेता येण्याजोगी झाली. 1991 मध्ये पास्क्वाल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्माराच्या रुग्णांना मोठ्याने अंक मोजावयास सांगितले आणि डोक्याच्या डाव्या बाजूवर भराभर ठोके दिले. मोजणे थांबले. माणूस जागा आहे, त्याला पुढचा अंक माहीत आहे, आणि तो येत नाही. ठोके थांबताच मोजणी पुढे सुरू. शस्त्रक्रियेपूर्वी भाषेची बाजू कोणती हे ठरवता यावे म्हणून हा खटाटोप होता. व्याख्यानाच्या ऐन मध्ये शब्द न सापडणे हा अनुभव आपल्या व्यवसायात कोणाला नाही? परंतु तिथे निदान आपण विसरलो असे म्हणता येते. इथे विसरलेले काहीच नसते.

याच प्रकारातला 2001 चा एक ब्रिटिश प्रयोग आम्ही बाईंना सांगितला. लॉरेन स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की डावीकडे ठोके दिले असता बोलणे अडते, पण गाणे अडत नाही. यावर फार मोठा इमला उभारू नये. तरी पक्षाघाताने वाचा गेलेला माणूस अभंग म्हणताना अडखळत नाही, वर्गात तोतरा बोलणारा मुलगा गणेशोत्सवात आरती खणखणीत म्हणतो, हे पाहिलेल्यांना त्यात ओळखीचे काही दिसेल. 2005 मध्ये अमेरिकेत मार्गारेट नेझर आणि त्यांच्या गटाने उलट्या दिशेने पाहिले: पक्षाघातानंतर वाचा हरपलेल्या चार रुग्णांच्या मेंदूच्या उजव्या बाजूवर संथ ठोके देऊन ती बाजू जरा निवांत केली, तर चित्रांची नावे सांगणे सुधारले. चारच रुग्ण, आणि तुलनेला दुसरा गट नाही. पुढेही अशा चाचण्या होत राहिल्या, पण नैराश्यावरील उपचाराइतका तो रुळलेला नाही.

आम्हांला सर्वांत खोल वाटले ते अंध वाचकांवरचे काम. जन्मतः किंवा लहानपणीच दृष्टी गेलेली माणसे ब्रेल वाचत असताना त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूवर, म्हणजे डोळस माणसात दृष्टीचे काम करणाऱ्या भागावर, ठोके दिले तर त्यांचे वाचन चुकते, हे 1997 मध्ये लिओनार्डो कोहेन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. बोट ठिपक्यांवरून फिरत असते. वाचणारे सांगत की ठिपके गळाले, नव्हते तिथे उमटले, किंवा असून त्यांचा अर्थ लागेना. 2004 मध्ये आमेदी आणि इतरांनी आणखी पुढे जाऊन अंध व्यक्तींना नाम ऐकवून त्याला जुळणारे क्रियापद सांगावयास लावले. आपण 'पाणी' म्हणावे आणि समोरच्याने 'पिणे' म्हणावे, तसे. त्याच मागच्या भागावर ठोके दिल्यावर अंधांची क्रियापदे चुकली आणि बहुतेक चुका अर्थाच्या होत्या. डोळस लोकांत तिथल्या ठोक्यांनी असे काही झाले नाही. ज्या जागेला पाहण्याचे काम मिळाले नाही तिने वाचण्याचे आणि शब्द जुळवण्याचे काम उचलले होते. बाई हे ऐकून बराच वेळ गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, "म्हणजे जागा ठरलेली आहे, पण तिची नेमणूक कायम नाही." त्या चाळीस वर्षे महाविद्यालयीन नोकरीत होत्या, त्यामुळे त्यांना हीच उपमा सुचावी हे साहजिक होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. दुरुस्त केलेल्या कागदावर.

आता 'उद्दीपन'. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'स्टिम्युलस'ला 'उद्दीपक' म्हणतातच, तेव्हा बाईंनी काही नवे घडवले नव्हते. पण ज्याने एकदा रसचर्चा शिकवली आहे त्याला हा शब्द निर्विकारपणे वाचता येणार नाही. विभाव दोन प्रकारचे: आलंबन आणि उद्दीपन. ज्याच्याविषयी भाव जागतो ते आलंबन. चांदणे, उपवन, कोकिळेचा स्वर, ज्यांनी तो भाव पेटतो ते उद्दीपन. परीक्षेत विद्यार्थी ही जोडी घोकून लिहितात आणि आपण गुण देतो. टीएमएस या यंत्रात उद्दीपन आहे आणि आलंबन नाही. ते कशाविषयीही नाही. अंगठा उडतो तो अनुभावासारखा दिसतो, पण त्यामागे भाव नाही.

इथे आमच्या दोघांत वाद झाला. एकाचे म्हणणे, हेच या यंत्राचे दारिद्र्य आहे. कारणावाचून पेटवलेले मन हे मन नव्हे. दुसरीने असा आक्षेप घेतला की रसव्यवस्था प्रेक्षकासाठी आहे, रुग्णासाठी नाही. दुःखाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सहृदय समजणे हा कोटिभ्रम आहे. बाईंनी निवाडा केला: "रूपक म्हणून ठेवा, सिद्धान्त म्हणून नको." आणि मग त्यांनी जे सांगितले त्याने आमचा वाद निराळ्याच ठिकाणी गेला. त्यांच्या आजारात आलंबने सगळी जागेवर होती. पुस्तके होती, भाची होती, आम्ही होतो, खिडकीतला पारिजातक रोज फुलत होता. पेटत काही नव्हते. वर्षानुवर्षे लोक त्यांना आलंबनेच आणून देत होते: हे वाचा, तिकडे जाऊन या, नातवंडांत रमा. त्यांत एकाचाही उपयोग नव्हता, कारण उणीव तिथे नव्हती. आधुनिक मानसोपचारात वस्तूंतून आनंद निघून जाणे हे या आजाराचे मुख्य लक्षण मानतात. ते लक्षण इतक्या सुटसुटीतपणे सांगितलेले आम्ही तरी कोठे वाचलेले नाही, आणि त्यासाठी लागलेले शब्द काव्यशास्त्राच्या जुन्या पेटीतले होते.

प्रत्यक्ष उपचार मात्र कंटाळवाणा आहे. दंतवैद्याकडे असते तशी खुर्ची, कानांत बोळे, कपाळाच्या डाव्या बाजूला इंग्रजी आठच्या आकाराचे वेटोळे. सेकंदाला दहा ठोके, असे चार सेकंद. मग सव्वीस सेकंद शांतता. साडेसदतीस मिनिटांत तीन हजार ठोके होतात. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. डोक्यावर लहान पक्षी चोच मारतो तसे पहिल्या आठवड्यात वाटले. मग सवय झाली. तिथली टेक्निशियन मुलगी त्यांना 'आजी' म्हणे, ते बाईंना रुचले नाही, आणि चौथ्या दिवसापासून ती 'बाई' म्हणू लागली. सव्वीस सेकंदांच्या शांततेत बाई मनात ओव्या म्हणत. आपले पाठांतर शाबूत आहे की नाही याची ती त्यांची चाचणी होती. डॉक्टरांच्या शब्दावर त्यांनी ते सोडलेले नव्हते. एका अवकाशात किती ओव्या बसतात याचा हिशोब त्या परतताना रिक्षात आम्हांला देत.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यासाठी या उपचाराला 2008 मध्ये अनुमती दिली. 2018 मध्ये ओसीडी, 2020 मध्ये धूम्रपान सोडवणे असे हेतू पुढे जोडले गेले. 2018 मध्येच कॅनडातील 414 रुग्णांच्या चाचणीत दिसले की ठोक्यांची रचना बदलून दिलेली तीन मिनिटांची पद्धत साडेसदतीस मिनिटांच्या पद्धतीहून उणी नाही. 2022 मध्ये दिवसाला दहा बैठका, अशा पाच दिवसांत उपचार संपवणाऱ्या पद्धतीलाही अनुमती मिळाली. ही शेवटची गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रतीक्षागृहात फलटणकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन येत. सहा आठवडे पुण्यात खोली घेऊन राहणे त्यांना झेपण्यासारखे नव्हते आणि दुसऱ्या आठवड्यानंतर ते दिसले नाहीत. बैठक तीन मिनिटांची झाली तरी फलटण-पुणे हे अंतर तेवढेच राहते.

बाईंना गुण आला का? तिसऱ्या आठवड्याअखेर झोप सुधारली. पाचव्यात त्यांनी वर्तमानपत्रातले एक शीर्षक चुकीचे आहे म्हणून फोन केला. प्रश्नावलीतले गुण निम्म्याहून खाली उतरले. डॉक्टरांच्या परिभाषेत याला प्रतिसाद म्हणतात, मुक्ती नव्हे.

मग बाईंनीच प्रश्न काढला. "यंत्राने बरे वाटले, की तुम्ही रोज न्यायला येत होता म्हणून?" त्या आमच्याकडे पाहून हसत होत्या, पण प्रश्न थट्टेचा नव्हता. अशा उपचारांच्या चाचणीत काही रुग्णांना खोटे वेटोळे लावतात: आवाज तोच, कातडीवरची टकटक तशीच, फक्त क्षेत्र मेंदूपर्यंत जात नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 190 रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत खऱ्या वेटोळ्याने सुमारे 14 टक्के लोक लक्षणमुक्त झाले आणि खोट्याने 5 टक्के. फरक स्पष्ट होता, पण एकूण आकडे लहान. उलट 2018 मध्ये 164 माजी सैनिकांवरील चाचणीचे निष्कर्ष आले: खऱ्याने 41 टक्के, खोट्याने 37. वर्षानुवर्षे ज्यांना बरे वाटले नव्हते अशी ती माणसे होती, आणि खोट्या यंत्राखाली त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक बरी झाली. कोणीतरी रोज त्यांना नावाने बोलावत होते, खुर्चीत बसवत होते, काल झोप कशी लागली ते विचारत होते. यंत्र निरुपयोगी आहे असे यावरून ठरत नाही. इतर अनेक चाचण्यांतला फरक खरा आहे. पण यंत्राखालचा माणूस एकटा यंत्राखाली नसतो, एवढे यातून दिसते.

हे सगळे आम्ही बाईंना आकड्यांसह सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले की खोट्या वेटोळ्याला मराठीत काय म्हणावे. आमच्यातल्या एकाने 'आभासी' सुचवले. ते त्यांना पटले नाही; आवाज, टकटक, खुर्ची, टेक्निशियन मुलगी, यांत आभास कुठला? 'कोरे वेटोळे' असे त्यांनी लिहून ठेवले आहे. डॉक्टरांनी पावसाळ्यानंतर आणखी काही बैठका सुचवल्या आहेत. बाईंकडे एका दिवाळी अंकाची प्रुफे आलेली आहेत, ती परत गेल्याशिवाय येत नाही, असा त्यांचा निरोप आहे.